रुग्णशय्येवरील मौन : सीमोन द बोव्हार यांच्या एका पुस्तकाविषयी

सीमोन द बोव्हार यांची दोन पुस्तके १९५६ साली रोमच्या निषिद्ध ग्रंथसूचीत गेली. ती सूची १९६६ मध्ये रद्द झाली. तरी धर्मगुरूंच्या कपाटात या लेखिकेला अद्याप फारशी जागा मिळालेली नाही. ईश्वराचे अस्तित्व न मानणाऱ्या या विदुषीने आपल्या आईच्या अखेरच्या दिवसांचा वृत्तान्त १९६४ साली एका छोटेखानी पुस्तकात प्रसिद्ध केला. रुग्णालयात वृद्धांच्या भेटीस जाणाऱ्या प्रत्येक धर्मगुरूने व धर्मशिक्षकाने तो वाचावा, असे मला वाटते. ‘अतिशय सुखाचे मरण’ असा पुस्तकाच्या नावाचा अर्थ. त्यातील उपरोध वाचकाला लवकरच उमगतो.

ऑक्टोबर १९६३ मध्ये पॅरिसमध्ये एकट्या राहणाऱ्या, पंचाहत्तरी ओलांडलेल्या फ्रान्स्वाज द बोव्हार स्नानगृहात पडल्या. दूरध्वनीपर्यंत सरपटत जाण्यास त्यांना दोन तास लागले. मोडलेल्या हाडासाठी त्या रुग्णालयात आल्या आणि तेथे पोटातील कर्करोग उघडकीस आला. त्यांना मात्र पेरिटोनायटिस झाल्याचे सांगण्यात आले. काही आठवड्यांतच त्या गेल्या.

वृद्ध रुग्णाच्या मानसिक स्वास्थ्याविषयी आपण सहसा एकाच सुरात बोलतो : एकाकीपणा, परावलंबन, खिन्नता. हे पुस्तक तेवढ्यावर थांबत नाही. जन्मभर रीतिभाती सांभाळलेली ही बाई अंथरुणाला खिळल्यावर देहाची लाज बाजूस ठेवते. आजवर इतरांसाठी फार जगले, आता स्वतःकडे पाहीन, असे म्हणते. शस्त्रक्रियेनंतर ती लहानसहान गोष्टींत रमते आणि दुरावलेली मुलगी तिला पुन्हा जवळची होते. हे समाधान असत्याच्या पायावर उभे होते, हे लेखिकेने लपविलेले नाही. ते खरे मानावे काय, हा प्रश्न तिने सोडविलेलाही नाही.

आपल्या दृष्टीने पुस्तकाचा गाभा वेगळाच आहे. बाई निष्ठावंत कॅथलिक. तरीही प्रार्थनापुस्तक, क्रूस, जपमाळ यांपैकी काहीही त्यांनी मागितले नाही. धर्मगुरूला बोलावणे गेले नाही, याचा स्नेहीमंडळींना रागही आला. प्रार्थनेसाठी आपण फार थकलो आहोत, देव दयाळू आहे, एवढेच त्या म्हणाल्या. मुलगी याचा अर्थ असा लावते : आईच्या लेखी प्रार्थना म्हणजे गुंगीतले पुटपुटणे नव्हते. देवापुढे काय म्हणावयास हवे, हे तिला ठाऊक होते. मला बरे कर. पण तुझी इच्छा असेल तर मरणही मान्य आहे. मरण तिला मान्य नव्हते. खोटे बोलावयाचे नव्हते आणि बंड करण्याचा अधिकार आपल्याला आहे, असेही तिला वाटत नव्हते. म्हणून ती गप्प राहिली.

हे निरीक्षण एका नास्तिक लेखणीतून यावे, याची मला थोडी लाज वाटली. लेखिकेशी माझा मतभेद त्यापुढील पायरीवर आहे. होकार आणि मौन यांखेरीज ख्रिस्ती प्रार्थनेला तिसरी वाट नाही, असे ती गृहीत धरते. परंतु ८८ वे स्तोत्र शेवटपर्यंत अंधारातच राहते. ७१ व्या स्तोत्रातील वृद्ध, शक्ती सरल्यावर मला टाकू नकोस, अशी विनवणी करतो. गेथशेमाने बागेत प्रभूनेही प्याला दूर करण्याची याचना आधी केली, होकार नंतर दिला. मग फ्रान्स्वाजबाईंना ती वाट का ठाऊक नव्हती? दोष लेखिकेचा नाही. रुग्णाच्या मुखी आपण तो होकार फार घाईने घालतो.

आईचे मरण सुस्थितीतल्यांचे होते, हेही लेखिका मान्य करते. सार्वजनिक कक्षात शेवट जवळ आला की खाटेभोवती पडदा उभा राहतो, आणि तो पडदा रुग्णाने याआधी इतरांच्या खाटांभोवती पाहिलेला असतो. ४ डिसेंबर १९६३ रोजी, म्हणजे जवळजवळ त्याच दिवसांत, व्हॅटिकन महासभेने ‘अंतिम अभ्यंग’ याऐवजी ‘रुग्णांचा अभ्यंग’ हे नाव अधिक उचित ठरविले. १९७२ मध्ये पोप पॉल सहावे यांनी विधीही सुधारला. तरी आपला स्टोला अनेक घरांना तो पडदाच वाटतो. बेळगावात एका मुलाने मला कक्षाच्या दाराशीच थांबविले : “फादर, स्टोला घालू नका, आई घाबरेल.” मी तो खिशात ठेवला. म्हातारीने हात धरून पहिलाच प्रश्न विचारला, “फादर, तेल आणलंत ना?”