किल्ली, वादी आणि चित्रतुरग : मद्यास्वादाच्या भाषेविषयी

डेव्हिड ह्यूम याने १७५७ साली प्रसिद्ध केलेल्या अभिरुचीच्या निकषावरील निबंधात सर्व्हान्तेसच्या 'डॉन किहोते'मधील एक गोष्ट आधाराला घेतली आहे. सांचो पान्साच्या दोन नातेवाइकांपुढे एका पिंपातील वाइन परीक्षेसाठी ठेवण्यात येते. एकाला ती उत्तम वाटते, फक्त किंचित चामड्याची चव लागते. दुसराही तिची वाखाणणी करतो, पण त्याला लोखंडाची चव जाणवते. लोक दोघांचीही टर उडवतात. पुढे पिंप रिकामे होते तेव्हा तळाशी चामड्याच्या वादीत ओवलेली एक जुनी किल्ली सापडते. ह्यूमचे म्हणणे असे की, अभिरुचीची सूक्ष्मता म्हणजे पिंपातील किल्ली सापडण्यापूर्वीच ती जिभेला कळणे.

या दृष्टांतावर पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु ह्यूमने मूळ कथेत केलेल्या फेरफाराकडे द्यावे तेवढे लक्ष दिले जात नाही. सर्व्हान्तेसच्या १६१५ च्या दुसऱ्या भागात पहिला परीक्षक जिभेच्या टोकाने वाइन चाखतो आणि त्याला लोखंड लागते. दुसरा ती केवळ नाकापाशी नेतो आणि त्याला कमावलेल्या चामड्याचा प्रत्यय येतो. ह्यूमने नाक गाळून टाकले. त्याच्या निबंधात दोघेही चाखतातच. वरवर क्षुल्लक वाटणारा हा फरक तसा नाही. ज्याला आपण चव म्हणतो तिचा फार मोठा भाग वस्तुतः गंधाचा असतो, घशामागून नाकात चढणाऱ्या वाफेचा असतो, हे आज सर्वमान्य आहे. लोखंड जिभेकडे आणि चामडे नाकाकडे सोपवणारा कादंबरीकार येथे तत्त्वज्ञापेक्षा अनुभवाच्या अधिक जवळ होता. ह्यूमला 'टेस्ट' या एकाच शब्दावर अभिरुचीचा सिद्धांत उभारायचा होता. दोन इंद्रिये त्याच्या सोयीची नव्हती.

याहून महत्त्वाची अडचण पुढेच आहे. पिंपात किल्ली खरोखर होती. चामडे आणि लोखंड हे शब्द तेथे वाच्यार्थानेच वापरलेले होते. आजच्या आस्वादनोंदीत, म्हणजे वाइनच्या किंवा व्हिस्कीच्या परीक्षकाने लिहिलेल्या त्या चार-सहा ओळींच्या अभिप्रायात, चामडे येते, तंबाखू येते, देवदाराची पेटी येते, ओली माती येते; आणि पिंप उलटे केले तरी यातले काहीही तळाशी सापडत नाही. मग या शब्दांची सत्यता कशाच्या बळावर तपासायची? कांटने १७९० च्या ग्रंथात कॅनरी बेटांच्या वाइनचेच उदाहरण घेऊन हा प्रश्न मिटवून टाकला होता. ती वाइन सुखद आहे असे म्हणणाऱ्याने 'मला सुखद आहे' असे म्हणावे, एवढाच त्याचा आग्रह. रा. भा. पाटणकरांच्या 'सौंदर्यमीमांसे'मुळे (१९७४) मराठी अभ्यासकांना कांटचा विचार चांगला परिचित आहे. परंतु कांटचा निवाडा वाइन आवडण्यापुरता लागू पडतो. 'हिला मिऱ्याचा वास आहे' हे विधान आवडीनिवडीचे नव्हे. ते चूकही असू शकते आणि म्हणूनच ते बरोबर असण्याचीही शक्यता शिल्लक राहते.

ही शक्यता विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रयोगशाळेने गंभीरपणे घेतली. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील अ‍ॅन नोबल यांनी १९८४ मध्ये गंधशब्दांचे एक चक्र सिद्ध केले. 'सुंदर', 'भारदस्त', 'खानदानी' असे शब्द त्यातून कटाक्षाने वगळलेले आहेत. जो शब्द चक्रात आहे त्याचा नमुना करून दाखवता आला पाहिजे, अशी तेथे अट आहे. ढोबळी मिरचीचा वास म्हणजे काय, हे शिकवायचे तर साध्या, उदासीन वाइनमध्ये ढोबळी मिरचीचा तुकडा काही वेळ बुडवून तो पेला विद्यार्थ्याच्या नाकाखाली धरायचा. म्हणजे ह्यूमच्या पिंपात किल्ली मुद्दाम टाकायची! यात गंमत आहे, पण पोकळपणा नाही. काबर्ने सोव्हिन्यों जातीच्या द्राक्षांत आणि ढोबळी मिरचीत पायराझीन वर्गातील एकच द्रव्य वास निर्माण करते. शिराझ वाइनमधील मिऱ्याचा वास ज्या रोटंडोनमुळे येतो ते ऑस्ट्रेलियन संशोधकांनी २००८ साली ओळखले आणि तेच काळ्या मिऱ्यातही आहे. पीटच्या धुरावर वाळवलेल्या जवापासून केलेल्या आयला बेटाच्या व्हिस्कीला 'दवाखान्याचा वास' आहे असे कोणी म्हटले तर तीही निव्वळ थट्टा नव्हे. धुरातील फिनॉल हे जंतुनाशकातल्या फिनॉलचेच सगोत्र असतात. अशा ठिकाणी जे रूपक म्हणून लिहिले गेले ते वाच्यार्थ ठरते.

मात्र रोटंडोनच्या त्याच अभ्यासात असेही आढळले की, चाचणीत भाग घेतलेल्यांपैकी साधारण पाचव्या हिश्श्याला हे द्रव्य भरपूर प्रमाणात असूनही जाणवत नाही. अशा माणसापुढे 'मिरे' हा शब्द सत्य आहे, परंतु निरर्थक आहे. द्रव्य सिद्ध झाले म्हणजे आस्वाद सिद्ध झाला, असे होत नाही.

दुसऱ्या टोकाला १९८० नंतरच्या संशयवादाचा पुरावा आहे. भाषाशास्त्रज्ञ एड्रियन लेहरर यांनी 'वाइन अँड कॉन्व्हर्सेशन' (१९८३) या ग्रंथात असे दाखवले की, सामान्य मद्यरसिकांना एकाने केलेल्या वर्णनावरून दुसऱ्याने वाइन ओळखायची म्हटले तर फारसे यश येत नाही. तरीही ते उत्साहाने बोलत राहतात आणि आपले एकमत झाले असे मानतात. बोर्दो येथे मोरो, ब्रोशे आणि दुबुर्दिय यांनी केलेला व २००१ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग तर आता दंतकथेसारखा सांगितला जातो. मद्यविद्येच्या ५४ विद्यार्थ्यांना एकदा पांढरी व लाल वाइन दिली गेली. नंतर तीच पांढरी वाइन गंधहीन लाल रंग मिसळून देण्यात आली. आणि विद्यार्थ्यांनी तिचे वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केले. या प्रयोगावरून 'सगळे ढोंग' असा निष्कर्ष काढणारे मूळ निबंध क्वचितच वाचतात. त्यातील अधिक लक्षणीय भाग आस्वादनोंदींच्या शब्दसंग्रहाच्या विश्लेषणाचा आहे. लाल वाइनसाठी परीक्षक गडद, लाल-काळ्या वस्तूंची नावे घेतात आणि पांढरीसाठी फिकट, पिवळ्या वस्तूंची. डोळ्यांनी आधी कोशाचे पान उघडून दिलेले असते. नाक त्या पानावरचा शब्द निवडते. यात विद्यार्थ्यांचा खोटेपणा दिसत नाही. गंध आणि रंग हे अनुभवात वेगवेगळे येत नसतात, हे दिसते. भरताने रसाची उपपत्ती सांगताना नाना व्यंजने, औषधी आणि द्रव्ये यांच्या संयोगाचा दाखला दिला, आणि अभिनवगुप्ताने गूळ, मिरे इत्यादींहून वेगळा लागणारा पानकरस पुढे केला (आपले पन्हे हे याच पानकाचे वंशज), तेव्हा घटक वेगळे काढून दाखवता येणे ही आस्वादाची कसोटी नव्हे, हेच त्यांना सांगायचे होते. ज्याने पेल्यात रंग मिसळला त्याने घटकच बदलला. मग रस बदलला तर तक्रार कशाची?

या टप्प्यावर शंकुकाचा चित्रतुरगन्याय उपयोगी पडतो. चित्रातील घोडा पाहून 'हा घोडा' असे जे ज्ञान होते ते यथार्थ नव्हे, मिथ्या नव्हे, संशय नव्हे आणि निव्वळ सादृश्यज्ञानही नव्हे. नटाच्या ठिकाणी रामाची प्रतीती तशीच होते, असे त्याचे मत अभिनवगुप्ताने नोंदवले आहे. 'या वाइनमध्ये चामडे आहे' या वाक्याची जात हीच. परीक्षक चामडे असल्याचा दावा करत नाही. चामड्याचा भासही त्याला झालेला नाही. 'चामड्यासारखे काहीतरी' असेही त्याला म्हणायचे नसते, कारण 'सारखे' शब्द घालताच प्रतीती पातळ होते. तो चामडे अनुभवतो आणि पेल्यात चामडे नाही हेही जाणतो. आस्वादनोंदीचे उत्तम लेखक या दोन जाणिवांमधला ताण टिकवतात. वाईट लेखक फळांची यादी करतात. शंभरपैकी गुण देण्याची जी पद्धत अमेरिकन परीक्षक रॉबर्ट पार्कर यांच्यामुळे १९७८ नंतर रूढ झाली, तिच्या छायेत अशा याद्यांना बरकत आली, असे म्हणण्यास जागा आहे. आकडा आधी ठरला की विशेषणे त्याची पावती होतात.

परंतु शंकुकावर भट्टतौताने घेतलेला आक्षेपही येथे तितकाच लागू आहे. रामाची रती कोणी पूर्वी पाहिलेलीच नाही. मग नटातील रती तिचे अनुकरण आहे हे प्रेक्षकाने ओळखावे कसे? महाराष्ट्रात नाशिकच्या परिसरात वाइननिर्मिती स्थिरावल्यानंतर जी आस्वादनोंदींची भाषा येथे आली, तिच्यासंबंधी हाच प्रश्न विचारता येतो. ब्लॅककरंट हे फळ येथल्या बहुसंख्य वाचकांनी झाडावर कधी पाहिलेले नाही. आइस्क्रीमच्या एका जांभळ्या स्वादापलीकडे त्याचा परिचय नाही. सोव्हिन्यों ब्लाँसाठी 'गूजबेरी' हा शब्द ठरलेला आहे. त्याचे भाषांतर कोशाच्या आधाराने 'आवळा' असे केले की, अगदी वेगळ्या कुळातील, तुरट फळ वाचकाच्या जिभेवर येते आणि वर्णन खोटे पडते. चित्र आहे, पण घोडा कोणी पाहिलेला नाही. मराठी समीक्षेत परभाषेतून आलेल्या कित्येक संज्ञांची स्थिती याहून फार वेगळी आहे, असे समजण्याचे कारण नाही.

मराठीपाशी शब्द नाहीत, अशी सबब मात्र चालणार नाही. युरोपीय आस्वादनोंद बहुधा उगमाचे नाव घेते. मराठी नाक पुष्कळदा स्थितीचे नाव घेते. कुबट, खवट, करपट, खरपूस, आंबूस, उग्र, हिरवट हे शब्द कोणत्याही एका वस्तूला बांधलेले नाहीत. बुचातील दोषाने बिघडलेल्या वाइनला इंग्रजीत 'ओल्या पुठ्ठ्या'ची उपमा द्यावी लागते. 'कुबट' म्हटले की मराठी वाचकाला उपमेची गरज उरत नाही. उलट उदाहरण अधिक उद्बोधक आहे. जुन्या कोन्याकच्या आणि काही पुरवून ठेवलेल्या गोड वाइनच्या बाबतीत 'रान्सियो' हा परम स्तुतीचा शब्द आहे. अक्रोड, अळंबी, जुने चीज यांच्याकडे झुकणारा तो गंध वर्षानुवर्षे लाकडी पिंपात मुरल्याशिवाय येत नाही. या स्पॅनिश शब्दाचा सरळ अर्थ 'खवट' असा आहे. कोन्याकच्या रसिकांनी निंदेचा शब्द उचलून त्याला मान दिला. 'खवट' या मराठी शब्दाला तशी उंची कोणी देऊ पाहील, तर बिघडलेल्या खोबऱ्याची आणि जुन्या तेलाची आठवण त्याच्या आड येईल. ही अडचण शब्दकोशातली नव्हे. एका रसिकवर्गाने पिढ्यान्‌पिढ्या एकत्र बसून त्या गंधाला वेगळी किंमत दिल्याशिवाय शब्दाचा अर्थ हलत नाही.

गोव्याच्या काजूफेणीचे उदाहरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. बोंडूचा रस आंबवून पहिल्या ऊर्ध्वपातनात उर्राक आणि पुढच्यात फेणी मिळते. भट्टीवरच्या पारंपरिक बोलण्यात मोजमाप चालते ते 'ग्राव'चे, म्हणजे तीव्रतेचे; गंधाला उपमा देण्याची वेळ तेथे फारशी येत नाही. उन्हाळ्यात काजूच्या बागेत पिकलेल्या, गळून फुटलेल्या बोंडूंचा वास ऐकणाऱ्याच्या नाकात आधीच असतो. पेल्यातील बोंडू हा चित्रातील घोडा नव्हे. तो घोडाच आहे. २००९ मध्ये या फेणीला भौगोलिक निर्देशांक मिळाला आणि ती अशा ग्राहकापुढे जाऊ लागली की, ज्याने बोंडू कधी पाहिलेला नाही. त्या ग्राहकासाठी लिहिल्या जाणाऱ्या आस्वादनोंदीत अननस येतो, पिकलेले केळे येते की अन्य काही, हे लिहिणाऱ्याच्या बालपणावर अवलंबून राहील. आणि बोंडू हा शब्द त्यात तसाच ठेवला, तर परदेशी वाचकाची अवस्था ब्लॅककरंटपुढच्या नाशिककरासारखी होईल.