घासाघिशीची भाषा आणि पडद्याबाहेरचा श्रोता

क्रय-विक्रयाच्या भाषेचा विचार करावयाचा झाल्यास टी. एफ. मिचेल यांच्या 1957 सालच्या निबंधाकडे वळावेच लागते. फर्थ यांच्या परंपरेतील या भाषाशास्त्रज्ञाने लिबियातील सायरेनेइका प्रांतातील बाजारांत आणि दुकानांत चालणारे अरबी संभाषण ऐकून दुकानातील व्यवहाराचे टप्पे पाडले: अभिवादन, वस्तूविषयी पृच्छा, वस्तूची पारख, घासाघीस आणि शेवट. यांतील काही टप्पे एक शब्दही न बोलता पार पडू शकतात, हे त्यांचे निरीक्षण विशेष मोलाचे आहे. या चौकटीत 'पॉन स्टार्स' ही अमेरिकन दूरचित्रवाणी-मालिका बसवून पाहिली असता काय हाती लागते, आणि या मालिकेत ज्याला घासाघिशीचा आयता पुरावा सापडल्यासारखे वाटते त्या अभ्यासकाने कोठे थबकावे, एवढाच प्रस्तुत टिपणाचा विषय आहे.

ही मालिका जुलै 2009 मध्ये 'हिस्टरी' वाहिनीवर सुरू झाली. लास व्हेगास येथे 1989 मध्ये उघडलेले हॅरिसन कुटुंबाचे गहाणवटीचे दुकान हे तिचे स्थळ होय. रिचर्ड हॅरिसन (निधन 2018), त्यांचे पुत्र रिक, नातू कोरी आणि 'चमली' या टोपणनावाने प्रसिद्ध झालेले दुकानातील सहकारी ही तिची मुख्य पात्रे. लोक तेथे जुन्या तलवारी, नाणी, सह्या असलेली छायाचित्रे, जुगाराची कालबाह्य यंत्रे असे काहीबाही घेऊन येतात आणि सौदा सुरू होतो.

मिचेल यांच्या टप्प्यांपैकी पहिले दोन येथे झटपट उरकतात. तिसरा, म्हणजे पारखीचा टप्पा मात्र फुगून इतिहासाचा पाठ होऊन बसतो. वाहिनीचे नाव पाहता त्यात नवल नाही. परंतु खरी उलथापालथ भूमिकांत आहे. येथे दुकानदार घेणारा असून दारातून आलेला मनुष्य विकणारा आहे. बाजारात किंमत प्रथम विकणारा सांगतो हे खरे; पण तो विकणारा धंद्यात मुरलेला असतो. येथे आयुष्यात एकदाच तलवार विकावयास निघालेल्या माणसाला 'आपली अपेक्षा किती?' असे विचारण्यात येते. तो जो आकडा उच्चारतो, तो त्याच क्षणी सौद्याची वरची मर्यादा ठरतो. प्रथम बोलण्याचा मान त्याला मिळतो, आणि तोच त्याला महागात पडतो.

त्याच्याजवळ भांडवल असते ते कथेचे. आजोबांनी ही वस्तू युद्धातून आणली, अमक्या सेनापतीने ती वापरली, इत्यादी. मराठीत असे सांगताना 'म्हणे' हा शब्द सहज येऊन बसतो, आणि ऐकीव माहिती ऐकीव म्हणूनच पुढे सरकते. इंग्रजीत तसा अर्थ देणारी क्रियाविशेषणे आहेत, नाही असे नाही. परंतु 'म्हणे' जितका नकळत आणि फुकट येतो तितकी ती येत नाहीत. परिणामी कुटुंबातील आख्यायिका साध्या विधानाच्या रूपाने गल्ल्यावर येते. तज्ज्ञाला पाचारण करण्यात येते ते, एका अर्थी, वाक्यातील हा गाळलेला 'म्हणे' परत बसविण्यासाठीच.

या तज्ज्ञाची उक्ती हा मालिकेचा मर्मभाग आहे. क्लार्क काउंटीच्या संग्रहालयांचे प्रशासक म्हणून काम केलेले मार्क हॉल-पॅटन यांच्यासारख्या जाणकारांना या मालिकेने घरोघर पोहोचविले. तज्ज्ञ वस्तू उलटसुलट पाहतो, खरी की खोटी ते सांगतो, आणि पुष्कळदा एक आकडाही उच्चारतो. ऑस्टिन यांच्या 1962 मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत उक्तींचे जे वर्ग केले आहेत त्यांत मूल्यमापन हे निर्णयार्थक उक्तींत पडते. वचनार्थक उक्तींचा वर्ग निराळा आहे. तेथे बोलणारा स्वतःस बांधून घेतो. समजा, तज्ज्ञाने 'पाच हजार डॉलर' म्हटले. त्याने निर्णय दिला. देणे कोणीच पत्करलेले नाही. परंतु विकणाऱ्याचा चेहरा असा उजळतो की, जणू कोणी तरी रक्कम मोजण्याचे वचनच दिले आहे. निर्णयाला वचन समजण्याची ही गफलत मालिकेच्या भागाभागांत घडते, आणि तिच्यावरच तिची सारी नाट्यमयता उभी आहे. बीबीसीवर 1979 पासून चाललेल्या 'अँटिक्स रोडशो'शी तुलना केल्यास हे अधिक स्पष्ट होईल. तेथे तज्ज्ञाचा आकडा हा शेवट असतो. वस्तू घेऊन मालक घरी जातो. येथे तोच आकडा मध्यावर येतो आणि त्यानंतर दुकानदार त्याला सोलावयास लागतो. वस्तू खपेपर्यंतचा काळ, जागेचे भाडे, डागडुजी, स्वतःचा नफा हे सारे वजा करता करता पाच हजारांचे अडीच हजार कधी झाले हे विकणाऱ्यास उमगत नाही.

दुकानदाराच्या शेवटच्या आकड्याचे व्याकरणही पाहण्याजोगे आहे. 'याहून अधिक मी करू शकत नाही' या अर्थाची ती उक्ती इच्छेची नसून सामर्थ्याची आहे. नकार द्यावयाचा तो असमर्थतेच्या रूपाने. आमच्याकडील 'परवडत नाही' याच जातीचे. 'मला' या चतुर्थ्यंत रूपात बोलणारा कर्तेपणातूनच निसटतो आणि दोष परिस्थितीवर जातो. गॉफमन यांनी 1955 च्या लेखात प्रतिष्ठा राखण्याची जी तंत्रे वर्णिली आहेत त्यांत हे बसते. पण परवडत नाही म्हणणाऱ्यास कधीकधी परवडते, हे ऐकणाराही जाणतो. म्हणूनच सौदा पुढे सरकतो.

येथवर मालिका अभ्यासकाच्या उपयोगी पडते. यापुढे मात्र ती फसवू लागते. घासाघिशीतील एक प्रभावी शस्त्र म्हणजे मौन. भाव ऐकून गप्प राहणे, वस्तू हळूच फडक्यात गुंडाळू लागणे, दाराकडे चार पावले टाकणे. पडद्यावर संकलकाची कात्री नेमकी यांवरच चालते, कारण मौनाने प्रेक्षक कंटाळतो. सॅक्स, शेग्लॉफ आणि जेफरसन यांच्या 1974 च्या निबंधापासून विरामांची मोजदाद संभाषण-विश्लेषणाचा अविभाज्य भाग झाली आहे. या मालिकेची फीत पुढे ठेवून जो विद्यार्थी विराम मोजील, तो वस्तुतः कात्रीच मोजीत असेल. प्रसंग आधी ठरविलेले असतात की काय, या लोकप्रिय प्रश्नापेक्षा आम्हांस ही अडचण अधिक गंभीर वाटते.

शिवाय या संभाषणास एक तिसरा श्रोता आहे. संस्कृत नाटकातील स्वगताप्रमाणे दुकानदार मध्येच कॅमेऱ्याकडे वळून आपल्या मनातील हिशेब सांगतो. विकणाराही आपली किमान अपेक्षा तशीच सांगून टाकतो. दोघांची गुपिते प्रेक्षकाला ठाऊक, परस्परांना नाहीत. आपल्याकडील बाजारांत चालत आलेली हत्ता पद्धत आठवावी: रुमालाखाली बोटे धरून भाव ठरे, आणि भोवतीच्या गर्दीला तो कळू नये हाच त्यातील हेतू. शेतमालाच्या नियंत्रित बाजारांत तिला मज्जाव झाला तो शेतकऱ्याच्या हितासाठी, उघड लिलाव व्हावा म्हणून. मालिकेतील सौदाही उघड आहे. पण तो उघडेपणा ज्याच्या उपयोगी पडावा त्याच्यापुढे नाही, घरबसल्या पाहणाऱ्यापुढे आहे. गीअर्ट्झ यांनी 1978 मध्ये बाजारातील घासाघिशीला माहितीचा शोध म्हटले. येथे माहिती शोधावी लागत नाही; ती दुकानदाराने बोलाविलेल्या त्याच्याच परिचिताकडून येते. मागे उरते ती घाऊक आणि किरकोळ भावांतील अंतराची वाटणी.

आणखी एक गोष्ट नोंदविण्यासारखी आहे. 'गहाण ठेवावयाचे की विकावयाचे?' हा प्रश्न या दुकानात ठराविक सुरात विचारला जातो आणि उत्तर बहुधा 'विकावयाचे' असेच येते. पैशांचे काय करणार असे विचारल्यास सहलीची किंवा जुगाराची गोष्ट निघते. मालिकेच्या नावात गहाण आहे. पण कर्ज, व्याज, मुदत, सोडवणूक यांविषयीचे संभाषण पडद्यावर क्वचितच येते. ज्याला आपली वस्तू परत हवी असते तो सेनापतीची कथा सांगत बसत नाही. तो मुदत विचारतो, आणि खालच्या आवाजात विचारतो.