मणिबेली : नाव गाजले, गाव लिहायचे राहिले

मराठी वाचकाला नर्मदा परकी नाही. गो. नी. दांडेकरांच्या 'कुणा एकाची भ्रमणगाथा' या १९५७ सालच्या कादंबरीने परिक्रमेची वाट मराठी घरांत पोचवली. त्यानंतर परिक्रमेची अनुभवकथने मराठीत सतत येत राहिली आणि ती आवडीने वाचली जातात. परंतु नर्मदेचा जो काठ महाराष्ट्राच्या वाट्याला आला, तिथली अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतील आदिवासी गावे या लेखनात कशी दिसतात, हे आमच्या समीक्षेने फारसे तपासलेले नाही. मणिबेली हे त्यांपैकी एक गाव. सरदार सरोवराचे पाणी महाराष्ट्रात पहिल्यांदा शिरले ते इथे. त्याच्या निमित्ताने हा प्रश्न आम्ही मांडत आहोत.

परिक्रमेच्या कथनांत 'शूलपाणीची झाडी' हा एक ठरलेला टप्पा असतो. यात्रेकरू रानात शिरतो, भिल्ल त्याला अडवतात, लंगोटीखेरीज सारे काढून घेतात आणि यात्रेकरूला वैराग्याचा धडा मिळतो. लुटणारा कोण, त्याचे घर कुठे, शेतात काय पिकते, घरात धान्य किती महिने पुरते, याची विचारपूस सहसा होत नाही. लेखकाच्या आध्यात्मिक प्रवासात तो परीक्षा म्हणून येतो आणि निघून जातो. ज्या शूलपाणेश्वराच्या देवळावरून या झाडीला नाव मिळाले, ते जुने देऊळ मणिबेलीच्याच काठावर होते. देवळाला नमस्कार झाला, पण देवळाशेजारच्या गावाकडे लक्ष गेले नाही.

गावाकडे लक्ष गेले ते धरणामुळे. १९९१ पासून मणिबेलीत पावसाळी सत्याग्रह झाले. १९९२ मध्ये मोर्स समितीचा अहवाल आला आणि मार्च १९९३ मध्ये जागतिक बँक या प्रकल्पातून बाहेर पडली. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात गावातली घरे पाण्यात गेली. १९९४ च्या 'मणिबेली जाहीरनाम्या'वर ४४ देशांतील ३२६ संघटनांनी सह्या केल्या आणि मोठ्या धरणांना जागतिक बँकेने पैसा देणे थांबवावे अशी मागणी केली. सातपुड्यातल्या एका पाड्याचे नाव जगाच्या चर्चेत गेले, ही मोठीच गोष्ट आहे. मात्र त्या दस्तऐवजात गाव मथळ्यापुरते येते. जाहीरनाम्याचे ते कामही नव्हे. पण मराठीतल्या लेखांनी आणि कवितांनीही पुष्कळदा तेच केले. मणिबेली प्रतीक झाली, आणि प्रतीकाला स्वयंपाकघर नसते.

मग त्या घरांत काय होते? सागाचे खांब होते, बांबूच्या कुडाच्या भिंती होत्या. घर उभे करायला सारा पाडा मजुरी न घेता येई. या रिवाजाला खोऱ्यात 'लाह' म्हणतात. उन्हाळ्यात पहाटे मोहाची फुले वेचणे होते, चारोळी आणि डिंक गोळा करणे होते. दिवाळीपेक्षा होळी मोठी होती. राजा पांठा आणि याहा मोगी हे देव होते, आणि सृष्टी कशी झाली ते रात्रभर गाऊन सांगणारा 'गायणा' होता. यांतले बरेचसे आजही डोंगरात टिकून आहे, पण ज्या जागांशी ते बांधलेले होते त्या जागा गेल्या. शूलपाणेश्वराचे देऊळ बुडाले, तेव्हा त्याच्यासाठी गुजरातेत गोऱ्याजवळ नवे देऊळ बांधले गेले. झाडाखालच्या देवाची आणि नदीकाठच्या पूर्वजांच्या जागांची अशी दखल कोण घेणार? वारसा म्हणजे दगडी शिखर, ही समजूत सरकारची आहे तशी आमच्या साहित्याचीही आहे.

या पार्श्वभूमीवर नंदिनी ओझा यांचे 'लढा नर्मदेचा' (राजहंस प्रकाशन) हे पुस्तक आम्हांला महत्त्वाचे वाटते. केशवभाऊ आणि केवलसिंग वसावे या दोन आदिवासी नेत्यांच्या दीर्घ मुलाखतींतून ते उभे राहिले आहे. पुस्तक मणिबेलीपुरते नाही, साऱ्या खोऱ्याचे आहे. इथे बोलणारा माणूस स्वतःच्या भूतकाळाचा जाणकार म्हणून बोलतो. त्याची दया करायला वाव उरत नाही. त्याची मर्यादाही सांगायला हवी. दोघेही पुरुष, दोघेही नेते. जात्यापाशी, चुलीपाशी, नदीवर पाणी भरताना बाईने जो इतिहास जपला, त्याला वेगळे पुस्तक लागेल. आंदोलनाने १९९० च्या दशकात सुरू केलेल्या जीवनशाळांत मुले स्वतःच्या बोलीत शिकू लागली. ते पुस्तक त्यांच्यातल्याच एखादीने लिहावे.

आमच्या वाचकांना वाटेल, याच्याशी आपला काय संबंध? संबंध दुहेरी आहे. मराठी ग्रामीण कथा-कादंबरीतला मुसलमानही असाच येतो. कधी मुलाणी, कधी अत्तरवाला, कधी उरुसाच्या गर्दीतला एक चेहरा. त्याचे घर आतून दिसत नाही. १९९० साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, ते याच तक्रारीतून. दुसरा संबंध रक्ताच्या जवळचा आहे. मणिबेलीत तडवी आहेत. याच सातपुड्याच्या पायथ्याशी यावल-रावेरकडे तडवी भिल्ल आहेत आणि ते मुसलमान आहेत. महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत तडवी भिल्ल आणि वसावे एकाच नोंदीत येतात. पण आमच्या वार्षिकांत, आमच्या संमेलनांत या तडवींच्या घरातली भाषा, लग्नातली गाणी, कब्रस्तानातल्या रीती किती आल्या? फारच थोड्या. मुस्लिम मराठी साहित्य म्हणताना शहरी मोहल्ला आणि कोकणी वाडी यांच्यापलीकडे आम्ही क्वचितच गेलो आहोत.

म्हणून आमची मागणी दुसऱ्यांकडे नाही, आमच्याच लिहिणाऱ्यांकडे आहे. यावल-रावेरच्या तडवी वस्त्यांतून वृद्ध स्त्री-पुरुषांच्या आठवणी, त्यांच्याच बोलीत, नोंदवायला हव्यात. मणिबेलीची घरे पाण्यात गेल्यावर लोक त्यांच्याविषयी लिहू लागले. इथे घरे अजून उभी आहेत आणि सांगणारी माणसे हयात आहेत.