‘बाहेरचं’ की घरातलं? : ‘गहराई’ आणि त्याचे प्रेक्षक

मागच्या वेळी ठरल्याप्रमाणे आपण पंधरा-वीस जणांनी ‘गहराई’ हा १९८० सालचा हिंदी चित्रपट एकत्र बसून पाहिला आणि प्रत्येकाने चिठ्ठीवर आपलं मत लिहून दिलं. त्या चिठ्ठ्या माझ्यासमोर आहेत. आज बोलायचं आहे ते चित्रपटाबद्दल, पण त्याहून जास्त या चिठ्ठ्यांबद्दल.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. अरुणा राजे आणि विकास देसाई यांनी हा चित्रपट दिग्दर्शित केला, आणि लेखनात त्यांच्याबरोबर विजय तेंडुलकर होते. म्हणजे भाषा हिंदी, गोष्ट बंगळुरूच्या एका घरातली, पण डोकी बरीचशी मराठी. घराचा कर्ता चन्नबसप्पा गावाकडची जमीन विकून टाकतो. त्या जमिनीची वर्षानुवर्षं राखण करणारा बसवा नावाचा गडी कळवळून विनवतो, पण मालक ऐकत नाही. थोड्या दिवसांत मालकाची शाळकरी मुलगी उमा विचित्र वागू लागते आणि तिच्या तोंडून भलताच आवाज येतो. डॉक्टर होतात, मांत्रिक होतात. आणि त्या आवाजातून बाहेर येतं की या प्रतिष्ठित माणसाने बसवाच्या बायकोशी फार वाईट वर्तन केलं होतं, आणि ती त्यातून जगली नाही. उमाचं काम पद्मिनी कोल्हापुरे यांनी केलं आहे, तेव्हा त्या जेमतेम पंधरा वर्षांच्या असतील. बापाचं काम डॉ. श्रीराम लागू यांचं.

लागूंची निवड मला फार बोलकी वाटते. कान-नाक-घशाचे शल्यचिकित्सक, देव ही संकल्पना आता निवृत्त करावी असं जाहीरपणे लिहिणारे, पुढे डॉ. दाभोलकरांबरोबर गावोगाव विवेकजागराचे कार्यक्रम करणारे लागू! भूत-पिशाच्च थोतांड आहे असं म्हणणारा बाप त्यांच्या तोंडी शोभतोच. आणि तोच बाप दोषी निघतो.

आता चिठ्ठ्या. तरुण मंडळींनी बहुतेक लिहिलंय की भीती वाटली नाही, मेकअप जुना, आवाज हास्यास्पद. ठीक आहे. पंचेचाळीस वर्षांपूर्वीच्या युक्त्या आज चालत नाहीत, यावर वाद घालण्यासारखं काही नाही. चळवळीत काम केलेल्या एका गृहस्थांनी संतापून लिहिलंय, की हा चित्रपट अंधश्रद्धा पसरवतो. डॉक्टरला हरवतो आणि मांत्रिकाला जिंकवतो. यात तथ्य आहे. पडद्यावर कोण जिंकणार हे पटकथा ठरवते, रोगाचा त्यात काही संबंध नसतो. मात्र याच चित्रपटात अमरीश पुरींचा मांत्रिकही आहे, आणि तो त्या मुलीचाच गैरफायदा घ्यायला निघतो, हे त्यांच्या चिठ्ठीत नाही. एका ताईंनी लिहिलंय, “असं घडतं, आमच्या घरात घडलेलं आहे.” आणि एका मानसशास्त्राच्या विद्यार्थिनीने दोन ओळींत निदान करून टाकलंय, की हा विकार आहे, वेळेवर उपचार झाले असते तर गोष्ट तिथेच संपली असती.

या सगळ्या मतांत मला एक विलक्षण एकमत दिसतं. सगळे एकाच प्रश्नाचं उत्तर देतायत: भूत खरं की खोटं? माझं स्वतःचं उत्तर विचाराल तर खोटं. मृत माणूस दुसऱ्याच्या देहात येऊन बोलतो याला कसलाही पुरावा नाही, आणि यावर मी आज अधिक वेळ घालवणार नाही. पण ती मुलगी जे *बोलली* ते खरं की खोटं, हा प्रश्न एकाही चिठ्ठीत नाही. आणि चित्रपटाने तर त्याचं उत्तर स्वच्छ दिलंय. ते खरं आहे.

न्यायदर्शनात शब्द हे प्रमाण मानलं आहे, पण कुणाचा शब्द? आप्ताचा, म्हणजे ज्याच्यावर विश्वास ठेवावा अशा जाणत्या माणसाचा. इथे बोलणारा आप्त तर नाहीच, माझ्या मते तो अस्तित्वातच नाही. तरीही वाक्य खरं आहे. एखादं वाक्य कशामुळे उच्चारलं गेलं हा एक प्रश्न, आणि ते खरं आहे का हा दुसरा. ताप डोक्यात गेलेला माणूस बरळताना “घर पेटलंय” म्हणाला, तर बरळण्याचं कारण ताप, हे बरोबर. पण घर पेटलंय का, ते उठूनच बघावं लागतं. आमची विद्यार्थिनी कारण सांगते आणि थांबते. ताई आवाजापुढे हात जोडतात आणि थांबतात. उठून बघायला कुणीच जात नाही.

इथे आपल्या भाषेकडे जरा लक्ष द्या. मराठीत देव ‘अंगात येतो’ आणि भूत ‘लागतं’, ‘झपाटतं’, ‘धरतं’. बाहेरून पाहणाऱ्याला घुमणं तेच, केस मोकळे तेच, आवाज बदललेला तोच. पण देवी अंगात आली की सासू सुनेच्या पायावर डोकं ठेवते आणि लागीर झालं म्हटलं की त्याच सुनेला मिरचीची धुरी मिळते. हे ठरवतं कोण? ऐकणारे ठरवतात. आणि बऱ्याचदा ती काय बोलते यावरून ठरवतात. घराला सोयीचं बोलली तर देवी. नवऱ्याचं, दिराचं, सासऱ्याचं नाव घेऊन काही बोलली की लगेच, “हे बाहेरचं आहे.”

‘बाहेरचं’ हा शब्द मराठवाड्यातल्या प्रत्येक घरात ऐकलेला असेल. बाहेरची हवा लागली, बाहेरचं बघितलं पाहिजे. फार हुशार शब्द आहे. तो उच्चारला की घरातल्या कुणाला काही विचारायचं कारणच राहत नाही.

१९७३ चा अमेरिकन ‘एक्झॉर्सिस्ट’ आठवा. काहींनी चिठ्ठीत तुलना केलीच आहे, आणि तो जास्त भयानक आहे म्हणून त्याला वरचा नंबर दिलाय. तिथे गोष्ट सुरू होते इराकमधल्या उत्खननात. सैतान खरोखरच बाहेरचा आहे, त्या आई-मुलीच्या कुठल्या पापाची ती परतफेड नाही. म्हणूनच म्हातारा पाद्री तरुण पाद्रीला बजावतो की हा खोटारडा आहे, याच्याशी बोलत बसू नकोस. आपल्याकडचा देवऋषी मात्र आधी विचारतो, कोण तू, कुठला, काय पाहिजे? त्याचे हेतू काहीही असोत, बोलणं ऐकण्याची एक जागा त्या विधीत आहे. ‘गहराई’ने ती जागा ओळखली आणि ‘बाहेरचं’ थेट बापाच्या दारात आणून ठेवलं. भीतीत तो ‘एक्झॉर्सिस्ट’च्या मागे असेल. धाडसात मला तो पुढे वाटतो.

पण पुढे काय होतं? अनंत नाग यांचा नंदीश, म्हणजे घरातला मोठा मुलगा, करणी *कुणी केली* याच्या शोधाला लागतो. बापाने काय केलं हा प्रश्न मागे राहतो. आरोपाचा तपास राहिला बाजूला, आरोप करणाऱ्याचा तपास सुरू! चित्रपटाचा उत्तरार्ध मला म्हणून पटत नाही. रहस्य वाढतं, पण दिग्दर्शकांनी स्वतःच उघडलेलं दार ते स्वतःच लोटून घेतात. आणि आपण प्रेक्षकही त्यांच्याबरोबर मांत्रिकांच्या मागे धावत सुटतो. चिठ्ठ्या याची साक्ष आहेत.

हे नुसतं चित्रपटापुरतं असतं तर मी तासभर घेतला नसता. आपल्या शहरात घाटीचा मानसोपचार विभाग आहे आणि भोकरदनकडे जाळीचा देवही आहे. पुष्कळ कुटुंबं दोन्हीकडे जातात, त्यात त्यांना विसंगती वाटत नाही. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत पहिलंच कलम भूत उतरवण्याच्या नावाखाली होणाऱ्या छळाचं आहे: दोराने, साखळीने बांधणं, चाबकाने मारणं, मिरचीची धुरी देणं. दाभोलकरांचा खून झाल्यावर हा कायदा आला, आणि तो हवाच होता. आजारी माणसाला डॉक्टरकडेच न्यावं, त्यात दुमत नाही. पण कायदा चाबूक थांबवतो, गोळी घुमणं थांबवते. बाई घुमताना जे नाव घेत होती त्याचं काय, हे विचारणं कायद्याच्या किंवा गोळीच्या कक्षेत येत नाही. ते घरातल्यांनाच विचारावं लागेल, आणि घरातले तर ती शांत झाली म्हणून सुटकेचा श्वास टाकत असतात. एक विवेकवादी म्हणून हे मला टोचतं. “भूत नसतं” हे वाक्य आपण जिंकलेल्या खटल्यासारखं म्हणतो. चन्नबसप्पाही ते म्हणत होताच की!

शेवटी एका पात्राबद्दल, जिच्यावर एकाही चिठ्ठीत ओळ नाही. उमाची आई सरोजा, इंद्राणी मुखर्जींनी केलेली. नवऱ्याचं ते वागणं तिच्या घरात, तिच्याच मुलीच्या तोंडून उघड होतं. तिला मुलीची काळजी करायची आहे, नवऱ्याबरोबर त्याच छपराखाली राहायचं आहे, आणि भूत आहे की नाही याच्याशी तिच्या दुःखाला काही देणंघेणं नाही. बसवाच्या बायकोची तर गोष्ट दुसऱ्यांच्याच तोंडून कळते. चित्रपट पुन्हा मिळवून पाहणार असाल तर या वेळी उमाच्या चेहऱ्याकडे कमी बघा. ती बोलत असताना ऐकणाऱ्यांचे चेहरे बघा, आधी आईचा, मग बापाचा. आणि मला पुन्हा चिठ्ठी पाठवा.