धक्काशोषक चिमटा : ताठरपणा आणि वजन

डोंगरी सायकलच्या धक्काशोषक चिमट्याची योग्यता ताठरपणा व वजन यांच्या एकाच गुणोत्तरावरून ठरविण्याचा प्रघात सदोष आहे. भिंतीची जाडी तीच ठेवून नळीचा व्यास ३२ वरून ३६ मिलिमीटर केल्यास नळीचे वजन सुमारे १३ टक्क्यांनी, परंतु वाकण्यास होणारा विरोध ४० टक्क्यांहून अधिक वाढतो. हा लाभ निर्विवाद होय. पिळाचा प्रश्न मात्र निराळा. रूढ रचनेत खालच्या दोन नळ्यांना जोडणारी कमान पीळ रोखते. २०१४ सालच्या ‘रॉकशॉक्स आरएस-१’ या उलट्या रचनेत ती कमान नाही. तिचे काम चाकाच्या खास हबकडे सोपविलेले आहे. सबब तुलनेत हबचे वजनही धरले पाहिजे, आणि वाक व पीळ यांचे आकडे पृथक् दिले पाहिजेत. अन्यथा कोष्टकात श्रेष्ठ ठरलेला चिमटा खडकाळ उतारावर हँडलची आज्ञा पाळीलच, असे नाही.