दोन भाषांचा एक गळा

अमेरिकेतले 'कंट्री' संगीत म्हणजे मुळात गावाकडचे गाणे. शेतीवाडी, आगगाडी, तुरुंग आणि तुटलेले प्रेम हे त्याचे विषय, आणि भाषा दक्षिणेकडच्या गोऱ्या खेडुतांची इंग्रजी. या संगीताच्या यादीत १९७५ साली एक गाणे पहिल्या क्रमांकावर गेले आणि त्याचे मधले एक कडवे चक्क स्पॅनिश होते! गाण्याचे नाव 'बिफोर द नेक्स्ट टिअरड्रॉप फॉल्स' आणि गायक फ्रेडी फेंडर. लोकप्रिय गाण्यांच्या सर्वसाधारण यादीतही ते अव्वल ठरले.

फ्रेडी फेंडर हे त्याचे खरे नाव नव्हे. बाल्देमार वेर्ता १९३७ साली टेक्ससमधल्या सॅन बेनिटो गावी जन्मला. मेक्सिकोची सरहद्द तिथून हाकेच्या अंतरावर. घरची माणसे हंगामाप्रमाणे गावोगाव फिरून शेतमजुरी करणारी, घरची बोली स्पॅनिश. त्या काळी टेक्ससच्या शाळांतून स्पॅनिश बोलणाऱ्या मुलांना शिक्षा होत असे. १९५७ साली त्याने एल्विस प्रेस्लीचे 'डोन्ट बी क्रूएल' स्पॅनिशमध्ये गाऊन नाव मिळवले. पण इंग्रजी बाजारात शिरायचे तर 'वेर्ता' चालणार नाही, असे त्याला वाटले. म्हणून १९५९ साली त्याने गिटार आणि अ‍ॅम्प्लिफायरवरचे 'फेंडर' हे नाव उचलले. माणसाने आपले आडनाव एका यंत्रावरून घ्यावे, यातली वेदना हसण्यावारी नेण्याजोगी नाही.

'वेस्टेड डेज अँड वेस्टेड नाइट्स' हे त्याचे गाणे गाजू लागले आणि १९६० सालीच गांजा बाळगल्यावरून त्याला अटक झाली. लुइझियानातल्या अंगोला तुरुंगात जवळजवळ तीन वर्षे गेली. सुटल्यानंतर पुढे गावी मोटारी दुरुस्त करून त्याने पोट भरले. मग ह्यूस्टनचा निर्माता ह्युई मो याने आधीच तयार असलेल्या संगीतावर त्याच्याकडून हे गाणे गाऊन घेतले.

हे गाणे नवे नव्हते. अनेक गायकांनी ते आधी गाऊन पाहिले होते. मग याच्याच गळ्यात ते का फुलले? माझ्या मते उत्तर त्या स्पॅनिश कडव्यात आहे. ते नवीन काहीच सांगत नाही; दुसऱ्याची झालेल्या प्रेयसीला शुभेच्छा देणारे आणि 'रडवलेच त्याने, तर मी आहे' म्हणणारे पहिले कडवेच तिथे पुन्हा येते. कागदावर ही पुनरुक्तीच. ऐकताना मात्र काही वेगळेच घडते. इंग्रजी शब्दांत शिष्टाचार आहे, सभेत उभे राहून दिलेला आशीर्वाद आहे. स्पॅनिश सुरू होताच त्याचा तो उंच, कापरा आवाज घरात आल्यासारखा मोकळा होतो. बाहेर एका भाषेत धीर धरायचा आणि घरी दुसऱ्या भाषेत रडायचे, हा अनुभव आपल्या सीमाभागातल्या घरांना कुणी समजावून सांगायला नको.

यशाचा पुढे साचा झाला, हेही मान्य केले पाहिजे. नंतरच्या काही गाण्यांत स्पॅनिश ओळी वरून भुरभुरलेल्या कोथिंबिरीसारख्या येतात. शोभा वाढते, चव बदलत नाही. दोन भाषा एकत्र आणल्या म्हणजे आपोआप कला होत नाही. दुसऱ्या भाषेची त्या जागी खरी गरज असावी लागते.

ही गरज त्याला पुन्हा सापडली ती 'टेक्सस टोर्नाडोज' या मंडळीत, डग साम, ऑगी मायर्स आणि अ‍ॅकॉर्डियनवादक फ्लाको हिमेनेस यांच्या सोबतीने. १९९० च्या त्यांच्या ध्वनिमुद्रणात दोन्ही भाषा पंक्तीला शेजारी बसतात. कोणीही पाहुणे नाही. त्या गटाला ग्रॅमीही मिळाले.

आपल्याकडे पंडित भीमसेन जोशी यांनी मराठी अभंग गायले, तशीच कन्नड दासपदेही; दोन्हींत ते परके वाटले नाहीत. फेंडरने दोन भाषा एकाच गाण्यात नांदवल्या, एवढाच फरक.

२००१ साली त्याने जुनी स्पॅनिश गाणी ध्वनिमुद्रित केली. त्या संग्रहाच्या नावात 'फेंडर' नाही. नाव आहे 'ला मुसिका दे बाल्देमार वेर्ता', म्हणजे बाल्देमार वेर्ताचे संगीत. त्यालाही ग्रॅमी मिळाले. २००६ साली कर्करोगाने तो गेला आणि सॅन बेनिटोच्या मातीतच विसावला. ज्या नावाची अडचण वाटून त्याने ते बाजूला ठेवले होते, तेच शेवटी त्याने स्वतःच्या हाताने मुखपृष्ठावर आणले. आपल्या मुलांना बाहेरची भाषा जरूर शिकवावी. पण घरचे नाव परत मिळवायला त्यांना चाळीस वर्षे लागू नयेत.