द्रव प्रक्षालकांतील विकरांचे स्थैर्य : एका मान्यवर समीक्षालेखाचे पुनर्मूल्यांकन

प्रस्तावना :

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील माला राव, अपर्णा टंकसाळे, मोहिनी घाटगे व वासंती देशपांडे यांचा सूक्ष्मजीवजन्य प्रथिनभंजक विकरांवरील विस्तृत समीक्षालेख 1998 मध्ये अमेरिकेतील सूक्ष्मजीवशास्त्राच्या एका अग्रगण्य नियतकालिकात प्रसिद्ध झाला. प्रोटिएजचे वर्गीकरण, रचना, जनुकशास्त्र व औद्योगिक उपयोग यांचा असा एकत्रित आढावा विरळाच. भारतीय महाविद्यालयांतील जैवतंत्रज्ञान व सूक्ष्मजीवशास्त्राच्या संशोधनात तो आजही आधारग्रंथासारखा वापरला जातो. प्रस्तुत लेखात त्यातील प्रक्षालकविषयक एका निष्कर्षाची आणि त्याच्या आधारे रूढ झालेल्या चाचणीपद्धतीची चिकित्सा केली आहे.

मूळ प्रतिपादन :

प्रक्षालकांत वापरली जाणारी प्रोटिएज मुख्यतः बॅसिलस जीवाणूंपासून मिळतात. बुरशीजन्य विकर सूक्ष्मजीवविरहित स्वरूपात वेगळे करणे अधिक सुलभ असल्याने कोनिडिओबोलस कोरोनाटस या बुरशीचे अल्कधर्मी प्रोटिएज हा चांगला पर्याय ठरू शकतो, असे लेखकांनी सुचविले. भारतीय बाजारातील प्रक्षालकांशी हे विकर सुसंगत असल्याचे नमूद करून, 25 मिलिमोलर कॅल्शियम व 1 मोलर ग्लायसीन यांच्या उपस्थितीत 50 अंश सेल्सिअसला 50 मिनिटांनंतर त्याची 43 टक्के क्रियाशीलता टिकते, असे त्यांनी म्हटले आहे. हे निरीक्षण मर्यादित स्वरूपाचे असून त्या मर्यादेत त्याचे मोल आहे. प्रश्न उद्भवतो तो या निरीक्षणातून 'प्रक्षालकासाठी उपयुक्त' असा व्यापक अर्थ काढला जातो तेव्हा.

चिकित्सा :

पहिला प्रश्न परिस्थितीचा आहे. 20 लिटर पाण्यात 50 मिलिलिटर द्रव टाकल्यास ते 400 पट विरल होते. बाटलीत 1 मोलर ग्लायसीन असेल, तर बादलीत ते केवळ 2.5 मिलिमोलर उरते; 25 मिलिमोलर कॅल्शियम 0.0625 मिलिमोलरवर येते. उलट धुण्याच्या पाण्यातच 1 मोलर ग्लायसीन हवे असेल, तर 20 लिटरसाठी सुमारे दीड किलो ग्लायसीन लागेल. म्हणजे हे संरक्षण बादलीत संभवत नाही. ते बाटलीतच असू शकते. परंतु बाटलीतील कालमान 50 मिनिटांचे नसून कित्येक महिन्यांचे असते.

दुसरा प्रश्न कॅल्शियमचा आहे. कॅल्शियममुळे सबटिलिसिनसारख्या विकरांची घडी घट्ट राहते, हे खरे. मात्र 25 मिलिमोलर कॅल्शियम म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच्या परिमाणात लिटरला 2500 मिलिग्रॅम कठीणपणा. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाने दिलेल्या 600 मिलिग्रॅमच्या कमाल मर्यादेच्या तो चौपटीहून अधिक आहे. एवढ्या कॅल्शियममुळे ऋणभारित पृष्ठक्रियाकारकांचा साका बसू शकतो आणि सायट्रेटसारखी बंधकद्रव्ये ते कॅल्शियम विकराकडून हिरावून घेतात. कापड स्वच्छ करण्यासाठी जे घटक लागतात तेच विकराच्या स्थैर्याच्या मुळावर येतात, ही द्रव प्रक्षालकाची मूळ अडचण होय.

तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आत्मपचनाचा आहे. भुकटीतील विकर कोरड्या, आवरणयुक्त कणांत बंदिस्त असते. द्रवात मात्र प्रोटिएजला पाणी व सान्निध्य दोन्ही मिळते. ते स्वतःच्या रेणूंना आणि सोबतच्या लायपेज, अमायलेज, सेल्युलेज यांना तोडू लागते. उद्योगाने यावर शोधलेला उपाय विकराला बळकट करण्याचा तेवढाच नाही, तर त्याला तात्पुरते झोपविण्याचाही आहे. बोरेट व प्रॉपिलीन ग्लायकॉल यांच्या संयोगाने प्रोटिएजचे क्रियास्थान व्यस्तनीय रीतीने अडविले जाते. ग्लायकॉलमुळे पाण्याची सक्रियताही घटते. बादलीत द्रव विरल होताच रोधक सुटतो आणि विकर जागे होते. येथे विरलीकरण हा दोष नसून तीच युक्ती आहे. पुढे याच तत्त्वावर फेनिलबोरॉनिक आम्लाचे साधित पदार्थ व पेप्टाइड अल्डिहाइड वापरात आले. बोरिक आम्लाचा प्रजननविषयक विषारीपणामुळे 2010 मध्ये युरोपीय संघाच्या चिंताजनक पदार्थांच्या यादीत समावेश झाल्यानंतर बोरॉनविरहित पर्यायांना अधिकच महत्त्व आले. केवळ उष्ण द्रावणात अर्धापाऊण तास विकर ठेवून पाहणाऱ्या चाचणीत या संपूर्ण यंत्रणेला स्थानच नाही.

चौथा प्रश्न अनुमानाचा आहे. 50 मिनिटांत 43 टक्के हा आकडा प्रथम कोटीच्या ऱ्हासाचा मानल्यास अर्धायुष्य सुमारे 41 मिनिटे येते. दर 10 अंशांना वेग दुप्पट होतो, हा ढोबळ नियम लावल्यास 30 अंशांना ते पावणेतीन तासांच्या आसपास जाते. असे विकर दुकानातील फळीवर एक दिवसही तग धरणार नाही. परंतु हे अनुमानही विश्वसनीय नव्हे, कारण प्रथिनाची घडी उलगडण्याचा वेग तापमानानुसार याहून फार तीव्रतेने बदलतो, तर आत्मपचनाचा वेग निराळ्या रीतीने. तात्पर्य, त्या आकड्यावरून साठवणुकीविषयी अनुकूल वा प्रतिकूल असे काहीच सिद्ध होत नाही.

मूल्यमापन :

समीक्षालेखावर याचा दोष ठेवणे अन्यायाचे ठरेल. त्याचा विषय प्रोटिएजचे संपूर्ण विश्व हा होता. प्रक्षालकांना त्यात अगदी थोडकी जागा आहे. दोष आहे तो अनुकरणाचा. माती, दुग्धशाळेचे सांडपाणी किंवा लोणार सरोवर येथून जीवाणू मिळवावा, त्याचे विकर प्रक्षालकाच्या द्रावणात तासभर ठेवावे आणि ते औद्योगिकदृष्ट्या उपयुक्त असल्याचे जाहीर करावे, हा साचा महाविद्यालयीन प्रकल्पांत रुळला आहे. विद्यार्थ्याचे श्रम खरे असतात. प्रश्नच अपुरा असतो. अपुऱ्या प्रश्नावर पदवी मिळते, पण ज्ञानात भर पडत नाही.

समुद्रपूरसारख्या तालुक्याच्या ठिकाणी हा प्रश्न नेमका विचारण्याची उत्तम सोय आहे. वर्धा जिल्ह्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा 45 अंशांच्या पुढे जातो आणि पत्र्याच्या छपराखालील दुकानात बाटल्या तो ताप सोसतात. चैत्रापासून पावसाळ्याच्या प्रारंभापर्यंत सीलबंद बाटल्या खोलीतच ठेवाव्यात. रोजचे कमाल-किमान तापमान नोंदवावे. दर पंधरवड्याला नमुना पुरेसा विरल करून केसीनवरील क्रियाशीलता मोजावी. रोधक असलेली व नसलेली, तसेच सोबत लायपेज असलेली अशा बाटल्यांची तुलना करावी. त्यासाठी केसीन, फोलिन अभिकर्मक व साधा वर्णमापक एवढे साहित्य बहुतांशी पुरते.

निष्कर्ष :

धुण्याच्या वेळेतील सुसंगती व साठवणुकीतील स्थैर्य हे दोन स्वतंत्र गुणधर्म आहेत आणि पहिल्यावरून दुसरा सिद्ध होत नाही. 1998 च्या समीक्षालेखाने भारतीय संशोधकांना विकरांची दिशा दाखविली. त्यातील एका आकड्याचे रूपांतर सूत्रात करणे हा त्या कार्याचा गौरव नव्हे. मार्गदर्शक प्राध्यापकांनी प्रकल्प मंजूर करताना 'विकर किती मिनिटे टिकले' यासोबत 'किती महिने, कोणत्या घटकांच्या सहवासात व कोणत्या उन्हाळ्यात टिकले' असे विचारल्यास ग्रामीण महाविद्यालयांतील संशोधनाला खरा उपयोग व स्वतःचे क्षेत्र दोन्ही लाभतील.